पालथा क्रेट

४ फेब्रुवारी

ठोंब्या,

पाकिटातून खाली पडलेली गुंडाळी आधी उचल. पत्र मागाहून वाचलंस तरी चालेल.

झाला बाबा एकदाचा! साखर-कर मंजूर झाला. गोड पेयाच्या प्रत्येक बाटलीवर आणि गोळ्या-चॉकलेटच्या प्रत्येक पाकिटावर कर, आणि तो सगळा पैसा लहान मुलांच्या उपचारांच्या निधीत. तुझं तोंड वाकडं झालेलं मला इथून दिसतंय. तू बाटल्यांच्या कारखान्याची गाडी चालवतोस आणि मी मुलांच्या वॉर्डात नर्स. एका आईच्या पोटचे आपण, पण दोघांचं मीठ दोन वैऱ्यांच्या घरचं. तरीही ऐक.

काल पाच वर्षांचा एक मुलगा आला. दुधाचे दात झाडून सगळे किडलेले, हिरड्यांत पू, गाल टम्म. लाल सरबताची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही, असं आई सांगत होती. भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, कारण रोज बोलवायला पैसे नाहीत, आणि पू काही त्यांच्या वारासाठी थांबत नाही. मग चौघांनी त्याला धरलं आणि दात उपटले. डोकं माझ्या हातात होतं. त्याने माझ्या मनगटाला असा चावा घेतला की एक दात तिथेच रुतून निघाला. डॉक्टर म्हणाले, "चला, तेवढा एक कमी." आम्ही हसलो. त्याची आई बाहेर भिंतीवर डोकं आपटत होती.

अशी रोजची मारामारी आहे इथे, आणि ती मुलांशी करावी लागते. आता भूलवाले डॉक्टर रोज येतील. डोळ्यांचे मोठे सर्जन महिन्यातून एकदा येतील. हे सगळं त्या करातून.

गुंडाळीत कागद आहेत. 'या बाटलीतला वाटा मुलांच्या इस्पितळाला', एवढंच छापलंय. तुझ्या वाटेवरच्या दुकानांत दे. त्या चष्मेवाल्या दुकानदाराला मी वेगळा पोस्टाने पाठवलाय. बाबांचा डोळा चुकवून आपल्याला बिस्किटं द्यायचा तो. तो नक्की लावील.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. एका हाताचा तुला कधी चालला नाही.

कागद मिळाले. भट्टीत घातले. छान जळतात.

रागावू नकोस, पण आमच्याकडेही बघ ना जरा. कारखाना आता आठवड्यातून तीनच दिवस चालतो. बाटल्यांच्या भरणीवरची निम्मी माणसं घरी बसवली. माझी गाडी अजून फिरते, पण किती दिवस ते मुकादमालाच ठाऊक. तुझ्या वॉर्डातल्या पोरांची मला दया येते, देवाशपथ येते. पण त्यांच्या दातांसाठी आमच्या पोटावर पाय का?

सोमवारी कर खात्याचा माणूस आला. साखर मोजायची नळी घेऊन. मुकादम त्याला गोड बोलून पाकाच्या टाकीपाशी घेऊन गेला. "या साहेब, नीट बघा," म्हणाला आणि मानेला धरून आत बुडवला. वर काढला, परत बुडवला. शेवटी वर आला तेव्हा नाकातून पाक आणि रक्त एकदमच येत होतं. त्याला उठता येईना, तेव्हा आमच्यातल्या दोघांनी लाथा घातल्या. पाकाने बूट त्याच्या शर्टाला चिकटायचे, ते सोडवून परत लाथ मारायची. आम्ही पोट धरधरून हसत होतो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

दोन मार्चला बंद आहे. गोड माल विकायचा नाही, कर भरायचा नाही, आणि जो तुझा कागद लावील त्याचं दुकान फुटणार. चष्मेवाला चारचौघांत म्हणाला, मी लावणार, बघू कोण काय करतंय. म्हातारा झाला की माणसाला चरबी चढते. मुकादमाने मला सगळ्यांच्या पुढे घेतलंय. दुकानं माझ्याइतकी कोणाला माहीत नाहीत, आणि माझा नेम तर तुला माहीतच आहे.

ठोंब्या


२२ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो नळीवाला कोणाचा तरी भाऊ असेल रे. त्याच्या बहिणीने कोणाला पत्र लिहायचं?

मारामारीत तू बाबांवर गेलायस, हे मला तू शाळेत असल्यापासून माहीत आहे. बाबांनी भर रस्त्यात त्या ट्रकवाल्याचा जबडा फोडला होता, तेव्हा मी गाडीत बसून डोळे मिटून घेतले होते आणि तू टाळ्या वाजवत होतास. पण त्याच बाबांचं दुसरंही आठव. आपण गाडीच्या मागच्या फळीवर बसून पैज लावायचो, पालथा क्रेट आधी कोणाला दिसतो त्याची. दाराशी क्रेट पालथा म्हणजे दुकानदार जरा बाहेर गेलाय, आत कोणी नाही, माल टाकू नका, पुढे जा. शटर उघडं असो, गल्ला समोर दिसत असो, बाबा पायरीसुद्धा चढायचे नाहीत. "रिकाम्या दुकानात पाय ठेवला की आपण चोर," म्हणायचे. त्यांचीच गाडी, त्यांचीच वाट तुला मिळाली. त्याच दुकानांवर तू दगड घेऊन जाणार?

हात आवर. दोन तारखेला आजारी पड. मी नर्स आहे, खोटा ताप कसा आणायचा ते शिकवते.

ताई


६ मार्च

ताई,

बंद झाला. असा बंद या गावाने पाहिला नव्हता. सकाळी सगळी बाजारपेठ चिडीचूप. एका बेकरीवाल्याने दार किलकिलं केलं, त्याची बोटं दारातच चेपली. कर खात्याची गाडी नाक्यावर उलटी करून पेटवली. टायर फुटायला लागले तशी पोलिसांची पाचावर धारण बसली, ते लांबूनच शिट्ट्या मारत राहिले. माझ्या भुवईवर एक काठी बसली. चार टाके. तुझ्यासारखी नर्स नव्हती, कंपाउंडरने घातले, म्हणून वाकडे आहेत.

चष्मेवाल्याने कागद लावलाच होता. आमच्या पोरांनी त्याचं दुकान फोडलं. तू आता आरडाओरडा करशील म्हणून आधीच सांगतो, नीट खात्री करून मगच फोडलं. आत कोणी नव्हतं. एखाद्याला काचेने खरचटलं असेल तर माहीत नाही. गर्दीत तेवढं व्हायचंच.

भुवई ठणकते, जास्त लिहवत नाही.

ठोंब्या


११ मार्च

ठोंब्या,

तुला खरचटणं म्हणजे काय ते सांगते.

चष्मेवाल्याची धाकटी मुलगी आमच्या वॉर्डात आहे. तुमच्यातल्या कोणी दारावर फेकलेली बाटली तिच्या तोंडासमोर फुटली. वय सात. तुमच्या गावच्या दवाखान्याने दोन दिवस नुसत्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या आणि मग इकडे पाठवली. मी पट्ट्या सोडल्या. गालाची चामडी कानापर्यंत उघडी होती. मानेत काच, जिभेत काच, केसांच्या मुळांत काच. उजवा डोळा फुटून सुकला होता. तो काढला. डाव्या डोळ्याच्या आत एक बारीक तुकडा आहे आणि त्याने डोळ्यातला पडदा सुटत चाललाय. आत्ता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पडदा पुरता सुटायच्या आत सर्जनचे हात लागले तर तो डोळा वाचेल. सर्जन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला येणार आहेत, साखर-कराच्या निधीतून येणारे पहिलेच. तोवर तिला हलू द्यायचं नाही. सात वर्षांच्या मुलीला! हात पलंगाला बांधून ठेवलेत. ती बोलत नाही. ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की किंचाळते, आणि काचेचा ग्लास कुठे किणकिणला तरी चादरीत मुतते.

तिचा बाप पलंगाशी उभा असतो. स्वतःचा चष्मा काढून मुठीत धरतो. मी म्हटलं, घाला ना. तर म्हणाला, "सिस्टर, मला दिसतंय याचीच लाज वाटते."

तुमच्या पोरांनी, असं लिहिलंस. कोणत्या पोराने, ते शोध. तुला सगळे ओळखतात, तुला कळेल. नाव पोलिसांना नको सांगूस हवं तर, मला सांग. ज्या हाताने ती बाटली फेकली तो हात मी माझ्या हातांनी तोडीन. मी दवाखान्यात काम करते, कुठे मारलं की हाड परत जुळत नाही ते मला चांगलं माहीत आहे.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चौकशी केली, पण खूप गर्दी होती, कोणी काही सांगत नाही. पोलिसही म्हणतात अपघात असेल. दुकानात बाटल्या होत्या, उन्हाने फुटल्या असतील.

एक बातमी आहे, तुला कळलीच असेल. सरकारने कराला स्थगिती दिली. एक समिती गावोगाव फिरून लोकांचं ऐकणार आणि मग ठरवणार. तोवर कर नाही. कारखाना परत पूर्ण सुरू झाला. मालकांनी प्रत्येकाला एकेक पेटी वाटली. सगळे नाचले. मुकादमाने मला खांद्यावर घेतलं.

मी पेटी घरी आणली नाही. गाडीतच राहू दिली.

तिचे हात अजून बांधलेले आहेत का? सर्जन दहा तारखेला नक्की येतील ना? तेवढं कळव.

ठोंब्या


२७ मार्च

ठोंब्या,

सर्जन येणार नाहीत. कराला स्थगिती, म्हणून निधीला कुलूप. तुम्ही ज्यासाठी नाचलात त्याचा हा हिशेब. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी हुकूम वाचला, चुरगळला आणि भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालं निघाली. सर्जनना त्यांनी फोन करून हातापाया पडून विनवलं. ते म्हणाले, यायला मी तयार आहे, पण पडद्याच्या ऑपरेशनची मशीन भाड्याने आणावी लागते, ती कोण देणार? महिनाभरात ते झालं नाही तर पोरगी कायमची आंधळी.

आणि आता दुसरं. परवा ती बोलली. मी तिचं तोंड पुसत होते आणि ती आपणहून म्हणाली, "कागद चांगला चिकटला होता ना?"

मी विचारलं, कसला कागद गं?

पोस्टाने आलेला. मी पाठवलेला. तिचे बाबा रोज उद्या लावू म्हणत होते, पण हिला धीर कुठला. बाप मागे गोदामात. हिचा हात पोचेना, म्हणून हिने दाराशी क्रेट पालथा घातला, त्यावर चढून काचेच्या दारावर कागद चिकटवला आणि उडी मारून गोंदाची बाटली आत ठेवायला गेली. दार मागे लोटलं. कागद सरळ बसलाय का ते आतून बघायला परत दाराशी आली. काचेला नाक लावलं. तेवढ्यात.

मी तिचं तोंड पुसून पुरं केलं आणि खोलीवर आले.

तू लिहिलं होतंस, नीट खात्री करून फोडलं, आत कोणी नव्हतं. ते पत्र काढून मी परत वाचलं. बाजारातला कोणताही मवाली दारातला पालथा क्रेट बघून काय समजेल? काही नाही, क्रेट पडलाय. 'आत कोणी नाही' असं कोणाला वाटेल? ज्याने आयुष्यभर त्या दुकानांत माल टाकला त्यालाच. कारखान्याचा ड्रायव्हर या बंदमध्ये पुढे होता, असं तूच मला लिहिलंस. नेमाची बढाईही तूच मारलीस.

कागद मी पाठवला होता. मी नसता पाठवला तर ती क्रेटवर चढली नसती. ते मला मरेपर्यंत पुरेल. पण मला उत्तर हवंय, आणि गर्दी होती म्हणून लिहिलंस तर परत मला पत्र घालू नकोस.

तूच ना?


१६ एप्रिल

ताई,

एका हाताचाच नमस्कार चालवून घे. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीचे पाय झालंय.

मीच.

आम्ही वळणावरून आलो तेव्हा बाकीचे मारायलाच निघाले होते. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, थांबा, आत माणूस असेल. पुढे गेलो. काचेवर ऊन चमकत होतं, आतलं दिसेना, पण दाराशी क्रेट पालथा दिसला. तुझं पत्रसुद्धा आठवलं, ताई, आपली पैजही आठवली. मागे वळून म्हटलं, कोणी नाही, मारा. आणि पहिली मीच मारली. सकाळपासून कारखान्याच्या आवारातल्या पत्र्यावर उन्हात तापत ठेवलेल्या होत्या बाटल्या. गॅस भरलेली तापलेली बाटली आपटली की बॉम्बसारखी फुटते, म्हणून तर भरणीवर जाळीचे मुखवटे घालतात. माझी दारावर बसली, मग बाकीच्यांच्या, मग आतल्या मांडणीवरच्या एकामागून एक फुटत गेल्या. त्यात किंकाळी आली. ती मी ऐकली. ऐकून पळालो. तुला लिहिताना खरचटलं असं लिहिलं.

समिती चार तारखेला आमच्याकडे आली. मालक उठून म्हणाले, बंद अगदी शांततेत झाला, दुकानदारांनी खुशीने दारं लावली, एका दुकानात बाटल्या उन्हाने फुटल्या त्याचं वाईट वाटतं. समितीच्या बाईंनी मान डोलावली आणि पान उलटलं. मी मागच्या बाकावर होतो. उठायचं ठरवून गेलो नव्हतो, खोटं सांगत नाही. पण बाईंनी पान उलटलं आणि मी उठलो. म्हटलं, उन्हाने नाही, मी फोडलं. बाटल्या कोणाच्या आवारात तापवल्या, कोणी हातात दिल्या, कर खात्याच्या माणसाला कुठे बुडवला, सगळं बोललो. शेवटी म्हटलं, तुमची स्थगिती अशी मिळालीय. आणि तिच्यामुळे त्या मुलीचा उरलेला डोळा जाणार आहे.

बाहेर पडलो तो मुकादमाने खांद्यावर हात टाकला. आवारात घेऊन गेले. दोघे छातीवर बसले, एकजण पायांवर. मुकादमाने माझा उजवा हात क्रेटवर ठेवला आणि विचारलं, "याच हाताने मारलीस म्हणालास ना?" पहारीचा पहिला घाव बोटांवर, दुसरा मनगटावर. हाडाचा आवाज हाड मोडल्यानंतर येतो असं वाटतं, का ते तुला माहीत असेल. ज्यांच्या खांद्यावर बसून मी नाचलो होतो तेच होते. तू जो हात तोडणार होतीस, ते काम त्यांनी केलं, तुझ्या हाताला रक्त लागलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात आहे. पोलिसांनी उजव्या हाताला प्लास्टर झाल्यावर डाव्याला बेडी घातली. लिहायचं म्हणून हवालदाराने सोडलीय, संपलं की परत घालेल. बोटं जुळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

तिचं काय झालं? काहीही झालं असेल तरी लिही.

ठोंब्या


२ मे

ठोंब्या,

तुझा हात मोडल्याचं वाचून मला बरं वाटलं. मग चादरींच्या खोलीत गेले आणि चादर तोंडात कोंबून रडले. दोन्ही खरं आहे, तुला जे पटेल ते धर.

समितीने स्थगिती उठवली. तुझं बोलणं त्यांच्या अहवालात आहे म्हणतात. हुकूम आला त्याच दिवशी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी कोणाला न विचारता मशीन मागवून टाकली आणि सर्जन दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. उशीर व्हायचा तेवढा झालाच होता. पडदा अर्धा चिकटला. ती मोठ्या वस्तू बघते, रंग बघते, माणसाचं तोंड अगदी जवळ आलं तर बघते. अक्षरं दिसणार नाहीत. हात सोडलेत. पहिल्या दिवशी तिने माझं नाक, कान, टोपी सगळं चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही आवाजाने बारीक वाटत होतात." काय चावट कार्टी आहे.

तिच्या बापाला मी सगळं सांगितलं. मी तुझी कोण, हेही. तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, गावात आता कोणीही क्रेट पालथा घालत नाही. बाहेर जाताना सगळे शटर ओढतात. एवढंच बोलला. माझ्या हातचं पाणी तो अजून घेत नाही.

तिला सांगायचं नव्हतं. पण तिने विचारलं, त्या काकांना मी काचेतून दिसले होते ना, मग त्यांनी का मारली? तिला वाटत होतं तू तिच्याकडे बघून मारलीस. ते मला सहन होईना, म्हणून मी पालथ्या क्रेटचा अर्थ सांगितला. आत कोणी नाही असं त्यांना वाटलं गं, म्हटलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे चूक माझीच. मीच तो पालथा घातला."

मी सांगून थकले. बाप सांगून थकला. आता ती खाताना सांडलं तरी म्हणते, माझंच चुकलं. डोळ्याला हात लावते आणि म्हणते, माझंच चुकलं. आमचं कोणाचं ती ऐकत नाही.

तू सुटशील तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस, घरीही जाऊ नकोस. आधी तिच्याकडे जा. तोंड अगदी जवळ ने, म्हणजे तिला दिसेल. आणि चूक कोणाची होती ते तिला तू सांग.

ताई